गोठलेलं तळं ऐकलेलं कानयंत्र

मी एक जुनं कानयंत्र आहे. घेवड्याच्या शेंगेएवढं, कानामागे लपून बसणारं. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल तर कुणाच्या तरी आजोबांच्या कानामागेच, आणि बहुधा मी शिट्टी वाजवत असताना. नीट बसवलं नाही की मी शिट्टी वाजवतो. तो माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

यंत्रांच्या कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी भिंग लावून, श्वास आवरून मला जोडलं. मग मी एका कानाच्या दवाखान्यात आलो. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानात मऊ लगदा भरून कानाचा साचा घेतला आणि त्या साच्याला मला नळीने जोडलं. हे गृहस्थ सूतगिरणीत फोरमन होते. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. गिरणीच्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू नेले होते. त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणत. मला विकत घेतलं ते त्यांच्या लेकीने, मोठ्या हौसेने.

फोरमननी मला दोन दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं.

"जन्मभर मशीनच ऐकली," ते म्हणाले, "आता कानातही मशीन कशाला?"

खरं कारण वेगळं होतं. मला घालूनही एखादा शब्द निसटला, तर मग सांगायला सबब उरली नसती. बहिऱ्याला लोक माफ करतात, यंत्र लावलेल्याला करत नाहीत, असं त्यांना वाटे. मी डबीत पडून राहिलो. वाईट वाटायचं. पण यंत्राला रुसता येत नाही.

मग लेकीने परदेशातल्या सहलीचा बेत केला. दोन शहरं ठरली, एक नदीकाठचं आणि एक डोंगरउतारावरचं. मुक्काम शहरात करायचा आणि रोज सकाळी आगगाडीने जवळपासचं एखादं ठिकाण पाहून संध्याकाळी परतायचं. निघताना बाईंनी माझी डबी फोरमनच्या कोटाच्या खिशात सरकवली. "असू दे, ओझं थोडंच होतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

नदीकाठच्या शहरात रोज रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर नकाशा पसरला जाई. उद्या कुठे? किल्ल्याला की काचेच्या गावाला? मायलेकी तावातावाने बोलत. फोरमन दोघींच्या ओठांकडे बघत राहत, आणि बोलणं फार वेगात गेलं की हसून म्हणत, "तुम्ही ठरवा. मला काय, सगळं सारखंच." त्या ठरवत, आणि ते मागोमाग चालत.

काचेच्या गावाला जायचा दिवस उजाडला. थंडी उतरणीला लागली होती, पण शेतांवर अजून बर्फ होतं. गाडीत गर्दी नव्हती. फोरमनना पुढच्या डब्यात मोठी खिडकी दिसली. लेकीला खूण करून ते तिकडे जाऊन बसले. वाटेत एका जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली. डब्यात घोषणा झाली, दोनदा झाली. लोकांनी भराभर सामान उचललं आणि मागच्या डब्यांकडे धाव घेतली. फोरमन शांतपणे बर्फ बघत होते. घोषणेची भाषा त्यांना कळली नसतीच. पण आवाज ऐकला असता तर मान तरी वळवली असती, कुणाला तरी खुणेने विचारलं असतं. तिथे गाडी मधोमध तुटत होती. मागचे डबे काचेच्या गावाला जाणार होते आणि पुढचे डोंगरात. मी खिशात होतो, मला सगळं कळत होतं. पण डबीतलं यंत्र काय करणार?

गाडी चढत गेली. थोड्या वेळाने फोरमन उठून मागे गेले, तर मागचे डबेच नव्हते. काचेपलीकडे फक्त रूळ मागे पळत होते.

शेवटचं स्टेशन अगदी चिमुकलं होतं. तिकीट खिडकीतल्या बाईने त्यांचा पडलेला चेहरा पाहून काय ते ओळखलं. स्वतःची खुर्ची दिली, फोन पुढे केला. लेकीचा नंबर फोरमनना तोंडपाठ होता. फोन लागला, पण पलीकडून नुसतीच कुजबुज. ते "हॅलो, हॅलो" ओरडत राहिले. मग त्यांचा हात खिशात गेला.

त्यांनी डबी उघडली. डाळीएवढी बॅटरी एकदा खाली पडली, ती त्या बाईने शोधून दिली. मी कानात गेलो, आनंदाने एक शिट्टी वाजवली आणि कामाला लागलो.

"अहो, बोला ना! आहात कुठे?"

फोरमननी फोन कानाशी घट्ट धरला. बायकोचा आवाज असा जवळून त्यांनी कैक वर्षांत ऐकला नव्हता.

"ऐकू येतंय का तुम्हाला?"

"येतंय," ते म्हणाले. "तू रडतेयस?"

"छे. सर्दी झालीय. तिथून हलू नका, आम्ही येतोय."

"हलून जाऊ कुठे? गाडीच इथे संपते."

मला कानात तसंच ठेवून ते बाहेर आले. स्टेशनच्या मागे एक मोठं तळं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेलं. भोवती उंचच उंच डोंगर. फोरमन बाकावर बसले. आणि मग तो आवाज आला.

कुणीतरी मैलभर लांबीची तार ताणून छेडावी तसा. तळ्याखालून सरसरत आला, पायाखालून गेला आणि डोंगरात विरला. फोरमन दचकले. त्यांना वाटलं, मीच बिघडलो. त्यांनी मला टिचकी मारली. आवाज पुन्हा आला, या वेळी खोल, घुमणारा. त्यांनी मला काढलं. सगळं शांत. पुन्हा घातलं, तर तळं गातच होतं!

तिकीटवाली बाई बाहेर आली होती. तिने सूर्याकडे बोट दाखवलं, मग दोन्ही तळवे जुळवून हळूच अलग केले. उन्हाने बर्फ ताणलं जात होतं, आतल्या आत तडकत होतं.

मित्रांनो, मी हॉर्न ऐकले होते, भांडी ऐकली होती, दारावरची घंटा ऐकली होती. एवढी मोठी वस्तू आपणहून बोलते, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या इवल्याशा पडद्यावर तो अख्खा डोंगर थरथरत होता. मी किती लहान आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि लहान असूनही केवढं मोठं काही माझ्यातून जाऊ शकतं, तेही.

पुढच्या गाडीने मायलेकी आल्या. लेक लांबूनच सुरू झाली, "बाबा, असं कुणी उठून जातं का?" फोरमननी ओठांवर बोट ठेवलं. "शू! बस इथे." तिघंही बाकावर बसली. तळं पुन्हा बोललं. बाईंनी नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं, मग तळ्याकडे, आणि पदराने नाक पुसलं. परतीची गाडी येईपर्यंत तिघंही बाकावरून हलली नाहीत.

डोंगरउतारावरच्या शहरात पहिल्याच संध्याकाळी नकाशा उघडला तेव्हा फोरमननी खुर्ची पुढे ओढली. "राजवाड्यात काय, दोरी लावलेल्या खुर्च्याच ना? त्यापेक्षा बंदराला जाऊ."

"बंदर लांब आहे, बाबा."

"मग लवकर उठू. तूच उठत नाहीस."

बाई लेकीच्या बाजूच्या, तेव्हा राजवाडा जिंकला. फोरमन खूश होते. "हरलो, पण भांडलो तरी!" दुसऱ्या दिवशी बंदरही पाहिलं. लाट मागे सरताना गोट्यांचा जो खळखळाट होतो, तो ऐकायला ते पँट दुमडून पाण्यात उभे राहिले. बाई काठावरून ओरडत होत्या, आणि त्यांना ते ओरडणंही ऐकू येत होतं.

त्यानंतर कैक वर्षं मी रोज त्यांच्या कानात होतो. मग फोरमन गेले. बाईंनी मला पुसून कपाटात ठेवलं. त्यांच्याच्याने मला दुसऱ्या कुणाला देववेना, आणि माझ्याकडे बघवेनाही. बॅटरी आतच राहिली. दमट हवेने माझ्या तारा हिरवट झाल्या. पुढे लेकीने मला दवाखान्यात नेऊन दिलं. त्याच तंत्रज्ञ बाईंनी मला घासूनपुसून उठवलं आणि नवा साचा जोडून एका पुस्तकबांधणी करणाऱ्या मावशींच्या कानात बसवलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात माझ्यासारखं कुणी पडून असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा, त्याला ओल लागू देऊ नका, आणि उपयोग नसेल तर कुणाच्या तरी कानापर्यंत पोचवा. आणि घरातल्या कुणाला ऐकू येत नसेल, तर त्याच्यासाठी तेच वाक्य पुन्हा म्हणा, पहिल्याइतक्याच प्रेमाने. यंत्र आवाज देतं. बोलायचं मात्र तुम्हालाच असतं.

परवा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मावशींनी कागदाची घडी घातली आणि हात थांबवला. घडी उलगडली, पुन्हा घातली, कानाशी नेली. मग शेजारणीकडे वळून हळूच विचारलं, "का गं, कागद नेहमीच असा बोलतो?"