विहिणीची मंजुरी

जिनलच्या डोक्यात एखादा प्रश्न शिरला की तो सुटेपर्यंत तिला जेवणही गोड लागत नसे. आणि हा प्रश्न तर अख्ख्या शाळेचा होता. पाचोऱ्याच्या तिच्या शाळेनं धुळे-जळगावच्या इतर शाळांसोबत अहिराणी गाण्यांचं ऑनलाइन ग्रंथालय काढलं होतं. शनिवारी ते सगळ्यांना खुलं होणार, आणि पाचोऱ्याच्या कप्प्यात एकही गाणं दिसेना! जे ते गाणं ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ म्हणून रुसून बसलेलं.

“सर, पण मंजुरी देतं कोण?”

“मीच की,” कुंदन सर वैतागून म्हणाले. “पण ते बटण माझ्यापुढं फिकट होऊन बसतं. दबतच नाही.”

जिनलनं पडद्याजवळ नाक नेलं. प्रत्येक गाण्याखाली चढवणाऱ्याचं नाव एकच: कुंदन सर! वेगवेगळे पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून सरांचाच पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला आणि सगळी पोरं त्यावरूनच गाणी चढवत होती.

“सर, आपलाच पेपर आपणच तपासला तर चालेल का? तसंच झालंय हे! चढवणारे तुम्हीच, मंजुरी देणारेही तुम्हीच, म्हणून बटण दबत नाही!”

सर खो खो हसले. फळा पुसला, पासवर्ड बदलला आणि मंजुरी देणाऱ्यांत जिनलचं नाव घातलं. “घे, आता तू तपास. पण ऐकून हं. नुसती बटणं दाबू नकोस.”

“कलेक्टरबाई, आधी माझ्या आत्याचं!” वर्गातल्या पुनमनं तिला कोपरखळी मारली.

पुनमची आत्या कमलबाई नरडाण्याची. लेकीच्या हळदीत तिनं विहिणीला चिडवणारं गाणं म्हटलं होतं. जिनलनं फोन कानाशी धरून ते ऐकलं.

‘जामनेरनी सुगंधाबाई मांडवमा उनी,
भूक नही म्हने, बठ्ठं भरीत खाई बसनी!’

भूक नाही म्हणत सगळं भरीत फस्त करणारी विहीण! जिनल हसता हसता थांबली. मांडवात असं गाणं म्हणजे रीतच, तिथं कुणी मनावर घेत नाही. पण नावागावासकट गाणं घरोघर पोचलं तर? तिनं लगेच नरडाण्याला फोन लावला.

“गानं बेस शे ना? मंग लाय!” कमलबाई म्हणाली.

“पण आत्या, विहीणबाई रुसल्या तर? तुमची लेक त्यांच्याच घरात आहे.”

पलीकडून हळू आवाज आला, “हाई मना ध्यानमाच उनं नही, माय. तिले आयकाड. ती हा म्हनी ते लाय, नहीते ऱ्हाऊ दे.”

“म्हणजे जिच्यावर गाणं, तिचीच मंजुरी!” जिनलचे डोळे चमकले. पुनमचा चेहरा मात्र पडला. सगळ्या कप्प्यात तेवढंच तर गाणं जिवंत होतं!

जामनेरला व्हिडिओ कॉल लागला. फोन सुनेनं, म्हणजे कमलबाईच्या लेकीनं, समोर टेकवून ठेवलेला. सुगंधाबाईंनी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. त्यांच्यामागं सून नखं खात उभी.

“नामंजूर,” सुगंधाबाई म्हणाल्या.

पुनमचे डोळे भरून आले. जिनलनं हळूच विचारलं, “अक्का, तुम्हाला राग आला का?”

“राग कसाना? हाई एकतर्फी शे! एक इहीननी गायं का दुसरीनी उत्तर देवानं ऱ्हास. त्या दिन मना घसा बसेल व्हता, म्हनीसन ती वाचनी. भरीत कोनी खादं, ते मी सांगस आते!”

सून फस्सकन हसली. सुगंधाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि जिनलला दरडावलं, “काय पाही ऱ्हायनी? भरी ले!”

जिनलनं धडपडत रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्याच ओळीत कमलबाईचं घोरणं निघालं, दुसरीत त्या घोरण्यानं बुजलेला बैल. जिनल तोंडात रुमाल कोंबून हसत होती आणि मधेच तिला प्रश्न पडला, आता ह्याला मंजुरी कुणाची?

पुनम हसून ओले झालेले डोळे पुसत नरडाण्याचा नंबर लावत होती.