गोकुळाच्या नावापुढची लाल खूण

चामोर्शीला सुरेंद्र मास्तरांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी बायबल अभ्यास भरतो. सात-आठ माणसं, एक सतरंजी, शेवटी चहा. तुमच्याकडे भजनी मंडळ असेल, महिला मंडळ असेल. चार भली माणसं एकत्र बसली की आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं वाटू लागतं आणि पुष्कळदा त्या वाटण्यातच काम संपतं. मी हे कुचेष्टेने म्हणत नाही. अशा सतरंज्यांवर मीही बसलो आहे.

या गटाची एक वही आहे. प्रार्थनेसाठी आलेली नावं तिच्यात लिहायची, दर गुरुवारी वाचायची आणि काम झालं की नावापुढे लाल पेनाने खूण करायची. मास्तरांच्या बायकोची, रोशनीची, बदली थांबली तेव्हा खूण झाली. कुणाचा मुलगा दहावी पास झाला, तेव्हाही झाली.

उन्हाळ्यात चर्चच्या मंडळीतर्फे हा गट अकरा किलोमीटरवरच्या एका तलावाकाठच्या गावात सेवाकार्याला गेला. चादरी वाटल्या, दोन गाणी म्हटली, फोटो काढले. तिथे गोकुळा भेटली. तिचा नवरा उमाजी तलावात मासे धरतो. तिच्या गळ्याला गाठ आली होती आणि डॉक्टरने नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. उमाजी एकदा एकटाच चौकशीला जाऊन आला, पण कोणत्या खिडकीशी उभं राहायचं हेच न कळल्यामुळे तसाच परतला.

"मास्तर, मले चादर नाई पायजे," गोकुळा म्हणाली. "एक दिवस कोणी शिकलेला माणूस सोबत चाला. बस तेवढंच."

"बघतो, बाई," मास्तर म्हणाले आणि तिच्यासमोरच त्यांनी तिचं नाव, गाव, आजार वहीत नीट लिहून घेतलं.

मास्तर वाईट माणूस नव्हते. पण शाळा सुरू झाली. शिवाय त्या गावात कुणीतरी म्हणालं होतं, हे धर्म बदलवायला येतात. थोडे दिवस तिकडे न गेलेलं बरं, असं ठरलं. नाव मात्र दर गुरुवारी वाचलं गेलं.

श्रावणात अभ्यासाला चार माणसांची गोष्ट होती. लुळ्या सोबत्याला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही, तर छप्पर उकलून त्याला येशूपुढे उतरवतात. मास्तरांनी त्या काळी छपरं कशी शाकारत, हे सुंदर समजावलं. त्यावर दोन गुरुवार चर्चा झाली.

तिसऱ्या गुरुवारी मास्तरांनी वही उघडली. "गोकुळाबाईची बऱ्याच दिवसांत काही खबर नाही. म्हणजे आराम पडला असेल. प्रभूचे आभार मानू." आणि त्यांनी लाल खूण केली.

"तुले कोणं सांगतलं?" अंजनाबाईंनी विचारलं. या निवृत्त नर्स. गुडघ्यांमुळे त्या सेवाकार्याला गेल्या नव्हत्या.

"कोणी नाही. पण आपण प्रार्थना करून राह्यलो ना, बाई."

"त्या चौघांनी प्रार्थना नाई केली, मास्तर. खाट उचलली. तू दोन हप्ते छपराचंच सांगून राह्यला, खाटेले हात कोणं लावला ते कोणी इचारलंच नाई." त्या भिंतीला धरून उठल्या. "मले गुडघ्याचं निमित्त भेटलं, तुले लोकायचं भेटलं. रविवारी तिच्या घरी जाऊ."

रविवारी दोघं गेले. उमाजी दारात जाळं सांधत बसला होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं.

"गोकुळाबाई कुठी आहे?" अंजनाबाईंनी विचारलं.

"गेली ना. महिना होत आला."

म्हणजे ज्या दिवशी आभार मानले, त्या दिवशी ती या जगात नव्हती! मास्तर म्हणाले, "भाऊ, आम्ही दर गुरुवारी तिच्यासाठी प्रार्थना करत होतो."

"हो, नाव लिहून नेलं होतं तुम्ही." उमाजीच्या आवाजात राग नव्हता. "जावई दोनदा आला ना तिले न्यायले. नागपूर त्यालेही माहीत नोयतं, पण चाल म्हणे. ते गेली नाई. म्हणे, मास्तर नाव लिहून घेऊन गेले, ते येतीन, आपण गेलो आन् ते आले त बरं नाई दिसत. एसटी आली का दारात येऊन बसे. मंग तिले उठून बसनंही होये नाई."

अंजनाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मास्तर रडले. उमाजीनेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते मास्तरांना सर्वांत जड गेलं.

त्यानंतर मास्तर बदलले. आता सुट्टीच्या दिवशी ते आणि अंजनाबाई कुणा ना कुणाला घेऊन नागपूरला जातात, खिडकीशी उभे राहतात. आतापर्यंत तिघांना नेलं, त्यातला एक वाचला नाही. गटातली निम्मी माणसं येईनाशी झाली. अभ्यासात पहिल्यासारखी गोडी राहिली नाही, असं ती म्हणतात. गोकुळाला यातल्या कशाचाही उपयोग नाही, हे मास्तरांना कळतं.

वाचकहो, देव कोणताही असो, मंडळ कोणतंही असो, दुसऱ्यासाठी हात जोडणं चांगलंच. पण गरिबाचं नाव आपण लिहून घेतो, तेव्हा तो बाकीच्या वाटा सोडून आपली वाट पाहू लागतो. ज्याला जायचं नसेल त्याने तिथेच तसं सांगावं. नाव लिहून घेऊ नये.