कोंडवाड्याचा उंबर आणि पानाबाईची सुपली

सांगा बरं, शेजारच्या झाडाची फांदी तुमच्या अंगणात आली तर तुम्ही काय कराल? आणि ते झाड शेजाऱ्याचंही नसेल, साऱ्या गावाचं असेल, तर कुणाशी भांडाल?

मी शेलूबाजारचा उंबर बोलतोय. बाजाराच्या मागच्या अंगाला जुन्या कोंडवाड्याची मोकळी जागा आहे, तिथं मी उभा आहे. जागा ग्रामपंचायतीची, म्हणून मीही पंचायतीचा. अलीकडेच माझी एक मोठी फांदी तोडली. फांदीचं दुःख झाडाला नवं नसतं. पण या फांदीच्या निमित्तानं दोन बायकांचं सारं आयुष्य माझ्या सावलीत गेलं, म्हणून तिच्याबद्दल बोलावंसं वाटतं.

मला कुणी लावलं नाही. एका पाखरानं माझं बी कोंडवाड्याच्या दगडी भिंतीच्या फटीत टाकलं. लोकांच्या शेतात शिरलेली गुरं तेव्हा तिथं आणून कोंडत. मालक येऊन सोडवेपर्यंत ती हंबरत राहायची. रखवालदार त्यांना पाणी पाजायचा आणि बादलीत उरलेलं माझ्या बुडाशी ओतायचा. त्या उरलेल्या पाण्यावर मी वाढलो. पुढं माझ्याच मुळांनी ती भिंत फुटली, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा रे गड्या! ज्यानं पाणी पाजलं, त्याचीच भिंत पाडली!" आणि हसत हसत बिडी पेटवायला गेला.

कोंडवाडा बंद पडला. दगड ज्यानं त्यानं नेले. मी राहिलो.

माझ्या एका बाजूला शिखरचंद शेठचं घर. पुढं किराण्याचं दुकान, मागं अंगण, अंगणाला भिंत आणि भिंतीत एक लहानसं दार. ते दार माझ्याकडं उघडतं. दुसऱ्या बाजूला शेषरावचं घर. शेषराव आणि त्याची बायको चंपाबाई कामाला दुसऱ्यांच्या शेतावर जायची. माझी एक फांदी हळूहळू शेठच्या भिंतीवरून आत वाकली आणि अंगणावर पसरली.

आता माझी फळं तुम्हाला माहीत असतील. ती टोकाला लागत नाहीत, खोडाला आणि जाड फांद्यांना झुपक्यांनी लगडतात. पिकली की पटापट गळतात, आणि फोडून पाहिलं तर आत बारीक बारीक चिलटं असतात. शेठचं घर जैनांचं. उंबर त्यांना वर्ज्य, कारण एका फळात असंख्य जीव. खाणं तर सोडाच, पायाखाली चिरडलं तरी त्यांच्या जिवाला लागतं.

शिखरचंदची नवी नवरी, पानाबाई, एका सकाळी अंगणात आली आणि तिचा पाय नेमका उंबरावर पडला. सासू केशरबाई कडाडली.

"अवं, खाली पाहून चाल ना! किती जीव गेले पायाखाली! आजपासून पडलेलं एक न् एक उंबर सुपलीत उचलायचं अन् मागच्या दारानं नेऊन झाडाच्या बुडाशी ठेवायचं. फेकायचं नाही. ठेवायचं."

सुनेला एकटीनं पुढच्या दारातून बाहेर पडायची मुभा नव्हती. मागचं दार मात्र सासूनं स्वतःच उघडून दिलं. जीवदयेचं काम होतं ना!

पानाबाई सुपली घेऊन आली, वाकून एकेक उंबर माझ्या मुळांपाशी ठेवलं, हात झटकून मागं वळली, तोच चंपाबाईची भुरी बकरी आली आणि मिटक्या मारत खाऊ लागली.

"अवं बाई, तुमची बकरी जीव खाऊन राह्यली!" पानाबाई ओरडली.

चंपाबाई काटक्या वेचत होती. तिनं मानही वर केली नाही. "जीव कायचे? उंबरं खाऊन राह्यली. तुमी टाकले, तिनं खाल्ले."

"टाकले नाही, ठेवले!"

"बकरीले टाकलेलं अन् ठेवलेलं सारखंच."

पानाबाईला रडू येतं का हसू येतं, तेच कळेना. शेवटी हसूच आलं. चंपाबाईलाही आलं. तिनं भुरीला ओढून खुंट्याला बांधलं आणि म्हणाली, "जा, तुमी आत गेल्याशिवाय सोडत नाही." त्या दिवसापासून तसंच चाललं. पानाबाई ठेवून जायची, मग भुरी सुटायची. उंबरं कुठं जातात, हे पानाबाईनं पुन्हा कधी विचारलं नाही.

तुमी-आमीचं तू-मी कधी झालं, माझ्याही लक्षात नाही. पानाबाई फळं ठेवायला यायची आणि माझ्या मुळावर टेकायची. लेकरं झाली, ती पडली, झडली, शाळेत गेली, सारं इथं बोलून झालं. केशरबाई गेली तेव्हा घरात सगळ्यांसमोर न आलेलं रडू पानाबाईला इथं आलं. शेषराव गेला तेव्हा चंपाबाई नुसती बसून राहिली आणि पानाबाई रिकामी सुपली मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसली.

पण एकमेकींच्या घरात त्या कधी गेल्या नाहीत. कुणी कुणाच्या घरात जायचं आणि कुणी ओट्याशीच थांबायचं, याची गावात बंधनं होती. केशरबाईच्या घरात जरा जास्तच. आणि चंपाबाईची माणसं धम्म घेतलेली, ताठ मानेची. जिथं आत बोलवत नाहीत, तिथं दाराशीही उभं राहायचं नाही, असं तिच्या सासऱ्यानं सांगून ठेवलेलं. माझी सावली मात्र पंचायतीची. तिथं बसायला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

माणसांचं मला मोठं नवल वाटतं. बंधनं सैल होतात, ती घालणारी माणसं जातात, तरी पाय जुन्याच वाटेनं चालत राहतात.

आता पानाबाईचे गुडघे दुखतात. शिखरचंद शेठ नाही. दुकान तिचा मुलगा सन्मती पाहतो. यंदा उन्हाळ्यात उंबरं खूप लागली, आणि जेठात एका सकाळी पानाबाई त्यांवरून घसरली. हाड वाचलं, पण पाय मुरगळला. सन्मती घाबरला. त्यांच्या घरात आईला बाई म्हणतात.

"बाई, बस झालं आता," तो म्हणाला. "चौमासा लागला की आपल्यात हिरवं तोडणं चालत नाही. त्याच्या आधीच फांदी काढून टाकतो. ह्या वयात तू किती वाकशील?"

"राहू दे रे. मले सवय आहे," पानाबाई म्हणाली.

सून नीलम पायाला लेप लावत होती. "सवयच तर मोडायची आहे, बाई. तुम्ही आता आराम करा."

यात वाईट काहीच नव्हतं. लेकाची माया होती, सुनेची काळजी होती. म्हणूनच पानाबाईला पुढं बोलता आलं नाही. झाड पंचायतीचं, म्हणून सन्मतीनं रीतसर अर्ज केला. चंपाबाईचा मुलगा विनोद पंचायतीत शिपाई आहे. त्यानं शेजारधर्म म्हणून मागं लागून परवानगी आणून दिली.

पाय टेकता यायला लागला तशी पानाबाई सुपली घेऊन लंगडत आली. चंपाबाई वाटच पाहत होती.

"तुह्या पोरानं परवानगी आणली म्हणे," पानाबाई म्हणाली.

"अन् तुह्या पोरानं मागतली," चंपाबाई म्हणाली. दोघी हसल्या, पण ते हसू टिकलं नाही.

"तू सांगत काहून नाही त्याले? तोंड नाही का तुले?"

"काय सांगू? मले उंबर पाहिजे म्हणून? आमच्या घरात?"

"उंबर कायले? मले चंपा पाहिजे म्हण."

पानाबाई पदरानं सुपली पुसत राहिली.

"फांदी गेली तर घरी येजो," चंपाबाई हळू आवाजात म्हणाली. "माहं घर काय हायवेच्या पल्याड आहे?"

पानाबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उठली आणि गेली. चंपाबाईनं भुरीच्या नातीच्या नातीला सोडलं, पण ती खाताना तिच्याकडं पाहिलं नाही.

फांदी तोडायच्या दिवशी विनोद कुऱ्हाडवाल्याला घेऊन आला. सन्मतीनं आधी शिडीवर चढून घरटं नाही ना ते पाहिलं. मग खाली उतरून माझ्यासमोर हात जोडले, माफी मागितली. मी त्याला माफ केलं. लहानपणी त्यानं याच फांदीला झोका बांधला होता.

घाव बसले. पांढरा चीक गळला. विनोदनं दोर धरून फांदी सावकाश उतरवली, आणि अंगणात एकदम लख्ख ऊन पडलं.

"पाहा बाई, आता मूगवड्या इथंच वाळतील!" नीलम हरखून म्हणाली.

"हव. चांगलं झालं," पानाबाई खुर्चीवर बसून म्हणाली. सुपली तिच्या मांडीवर होती. घासून घासून तिची कड पातळ झालेली.

संध्याकाळी सन्मतीनं मागच्या दाराला नवी कडी बसवली. "बाई, आता ह्या दाराचं काम नाही. बंदच ठेवत जाऊ. जनावर-बिनावर येते." कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला. चंपाबाईलाही आला असावा. ती माझ्या मुळावर एकटीच बसली होती. दिवे लागले तशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

मी म्हातारा झालो. तोडलेल्या जागी अजून चीक पाझरतो, पावसाळ्यात कोंब फुटतील, ते अंगणात पोचेपर्यंत या दोघी असतील की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. वाकलेली फांदी अडचण करत असेल तर जरूर तोडा. पण तोडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत जरा थांबा. कधी कधी उत्तर यायला वेळ लागतो.

मला वाटलं होतं, पानाबाईचं उत्तर येणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवी कडी काढली, नीलमला सांगितलं, "चंपाकडं जाऊन येते," आणि रिकाम्या हातांनी माझ्याखालून, न थांबता, चंपाबाईच्या घरात गेली.