अव्वाचा शिनेमा

माझे सासरे दादासो, त्यांना मी मामा म्हणते. मामांच्या आईचा एकही फोटो नाही. घरात नाही, भावकीत नाही, कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातसुद्धा नाही. ती होती ती एका सिनेमात, आणि तिथंही नायिकेच्या मागं, विहिरीच्या काठावर, दोर ओढताना.

तिचं नाव यल्लव्वा. माहेर निपाणीच्याही पलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून मामा तिला आई न म्हणता अव्वा म्हणत. त्या सिनेमाला रीतसर नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेत नसे. अव्वाचा शिनेमा, एवढंच.

कोल्हापुरात स्टुडिओ जोरात चालायचे तेव्हाची गोष्ट. गर्दीचा सीन असला की स्टुडिओचा माणूस वस्तीत येऊन मॉबला कोण येणार म्हणून विचारायचा. गर्दीत उभं राहणाऱ्यांना मॉब म्हणत. बायका शेतात भांगलायला जाव्यात तशा मॉबला जायच्या. अव्वाही गेली. सीन पाणवठ्याचा होता. लाकडी सांगाड्यावर प्लास्टर थापून विहीर उभी केलेली. नायिका खालच्या पायरीवर बसून गाणार आणि अव्वानं वरच्या काठावर उभं राहून पोहरा ओढायचा. तिलाच का, तर बाकीच्या बायका दोर हातात घेऊन लाजत होत्या आणि हिचे दंड कामाचे होते. त्या काळी आमच्या माणसांना गावातल्या खऱ्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. मामा सांगत सांगत इथवर आले की थांबायचे आणि हसायचे.

"विहिरीत पाणी न्हवतं, पर अव्वानं भरलं."

मामा तेव्हा सात-आठ वर्षांचे. सिनेमा टॉकीजला लागला तेव्हा पडद्याच्या पुढ्यात जमिनीवर बसून त्यांनी तो जमेल तितक्यांदा पाहिला. पुढच्या वर्षी पटकीच्या साथीत अव्वा गेली. सिनेमाही गेला. मामा मोठे झाले, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये लागले, छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरातल्या भिंतींवरच्या तसबिरी बदलल्या, नावं बदलली, पोरं शिकली. तो सिनेमा काही परत लागला नाही. शहरातल्या सीडीच्या दुकानांतून ते विचारत फिरले. दुकानातली पोरं म्हणायची, आजोबा, एवढं जुनं कोण बघतंय आता.

राहिला टीव्ही. माझं लग्न व्हायच्या आधी, नव्वदनंतरच्या वर्षांत, आमच्या उचगावच्या घरात दर शनिवारी संध्याकाळी मामांचे मित्र जमायचे. दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा, आणि तो जुना निघाला तर यांची दिवाळी. त्यांची बघायची तऱ्हाच वेगळी होती म्हणे. नायकाकडं कुणी बघायचंच नाही. सगळ्यांचे डोळे कडांना, मागं, दारातून आत येणाऱ्या घोळक्यात. कुणाचा चुलता मावळा झालेला, कुणाची बैलजोडी गाडीला जुंपलेली. शिंपीकाम करणारे लालासाबचाचा तर वडिलांच्या टांग्याचा घोडा शोधत होते, आणि तो त्यांना एकदा खरंच सापडला. घोडा दिसल्यावर चाचा उठून उभे राहिले आणि टीव्हीला सलाम केला. तेव्हापासून ते मामांना टोचायचे.

"आमचा घोडा घावला की दादू. तुझीच अव्वा कुठं दडून बसलीया?"

मी लग्न होऊन शिरोळहून इथं आले तोवर टीव्हीपुढच्या चटईवर दोघंच उरले होते, मामा आणि चाचा. बाकीचे एकेक करून गेले. जुने सिनेमेही तसेच गेले. चॅनेलं वाढत गेली आणि काळा-पांढरा सिनेमा कमी होत गेला. शनिवारी सिनेमा लागला तरी रंगीत, आणि तोही दर पाच मिनिटांनी जाहिरातीत बुडणारा. तरी दोघं बसायचे. मी चहा दिला की चाचा म्हणायचे, पोरी, आम्ही पिक्चर बघत न्हाय, आम्ही हजेरी घ्यायला बसतोय.

माझी संघप्रिया झाली त्या वर्षीची एक दुपार. तिला तेल लावून पायांवर घेतलं होतं. मामा समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. माझ्या माहेरचं म्हणावं तर नाक माझं नव्हतं, आणि सासरच्यांपैकी कुणाचंही नव्हतं. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, कुणावर गेलीय गं ही. मी सहज म्हटलं, मामा, अव्वांवर गेली असेल का?

त्यांनी पोरीच्या तोंडावरून नजर काढली. मग खाली बघून म्हणाले, "तेच तर सांगता येत न्हाय रूपाली. अव्वाचं तोंड आठवत न्हाय आता मला. आवाज हाय. हात हायत. कपाळावर गोंदलं हुतं ते म्हाईत हाय. पर समदं मिळून तोंड हुईना."

मला वाटत होतं, ते अव्वाला पुन्हा एकदा बघायला धडपडतायत. ते तसं नव्हतं. ती त्यांच्याजवळून निसटून गेली होती आणि हे त्यांनी चाचांनासुद्धा सांगितलं नव्हतं. पायांवर पोर पालथी पडलेली, माझे हात तेलानं भरलेले. मी तिची पाठ चोळत राहिले. त्या दिवसापासून मात्र पेपरातलं टीव्हीचं पान मीही बघायला लागले. पोर झोपली की आधी तेच.

बातमी आणली चाचांनीच. एका खाजगी चॅनेलनं रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती आणि येत्या रविवारी अव्वाचा शिनेमा होता. चाचांनी पेपर मामांच्या मांडीवर ठेवला आणि बोट लावून धरलं. मामांनी वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं.

त्या शुक्रवारी माझा नवरा अतुल फाउंड्रीतून सुटून आला तो टेंपो घेऊनच. टेंपोत नवा टीव्ही. चपटा, रुंद, भिंतीला लावायचा. जुना डबा त्यानं बदल्यात दिला होता. मला म्हणाला, आयुष्यभर वाट बघितली म्हाताऱ्यानं, त्या डबड्यात अव्वा अंगठ्याएवढी दिसली असती. एरवी दोघा बापलेकांत बोलणं कमीच. कामाचं तेवढं. टीव्ही भिंतीला चढवताना मात्र मामा खालून त्याचे पाय धरून उभे होते, स्टूल हलत होतं म्हणून.

संध्याकाळी शेजारपाजार बघायला आला. टीव्ही लावला तर चित्र मधोमध आणि दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या. शेजारचे बाळासो म्हणाले, "एवढा मोठा घेतलास अन् पिक्चर आखूडच हाय की रं. दुकानदारानं फशीवलं बघ." सगळे हसले. अतुलचं तोंड उतरलं. तो रिमोट घेऊन बटणं दाबत राहिला, आणि कुठल्याशा बटणानं चित्र एकदम चारी बाजूंनी फुगलं, पट्ट्या गेल्या, भिंत भरली. बाळासो गप्प झाले. मामा म्हणाले, आता कसं थेटरावानी दिसतंय. मला आठवतं, अतुल त्यावर लहान पोरासारखा हसला होता.

रविवारी मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. चाचा आले, बरोबर जरीनाचाची आल्या, त्यांनी शिरखुर्मा आणला होता. आमची सगळी धास्ती विजेची होती, त्या वर्षांत लाइट कधी जाईल याचा नेम नसे. मी सकाळपासून पंख्याकडं बघत होते. पण लाइट गेली नाही.

सिनेमा सुरू झाला. मध्ये साबण, मध्ये सिमेंट, परत सिनेमा. चाचा मॉबातल्या एकेकाला ओळखत होते, हा अमक्याचा आजा, ही तमकीची जाऊ. मामा नुसते कडांकडं बघत होते. मग पाणवठा आला. त्यांनी हात लांब केला आणि मी संघप्रियाला त्यांच्या मांडीवर दिलं.

नायिका पायरीवर बसली होती, तोंड अगदी मधोमध. ती गायला लागली. तिच्या मागं, वर, विहिरीच्या काठावर एक बाई उभी होती. नऊवारीचा ओचा घट्ट मारलेला. दंड भरदार. दोन्ही हात एकामागून एक दोरावर पडत होते, ओढत होते, पडत होते. आणि गळ्याच्या वर काही नव्हतं. पडदा तिथंच संपत होता. गाणं चाललं होतं तोवर ती बाई बिनतोंडाची पाणी ओढत राहिली. एकदा ती वाकली, तेव्हा वाटलं आता दिसेल, आणि तेवढ्यात कॅमेरा नायिकेच्या डोळ्यांवर गेला.

मग दुसराच सीन लागला. चाचा पुटपुटले की प्रिंट खराब असंल, जुन्या रिळांचं असंच हुतंय, कडंनं कुजत्यात. अतुलनं चॅनेलवाल्यांना शिवी दिली. यांनीच कापलं, म्हणाला, यांना काय पडलंय मागं कोण उभं हाय त्याचं.

मामा म्हणाले, "हात दिसलं की." आणि संघप्रियाला माझ्याकडं परत दिलं. तिच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं नाही.

अतुलनं चॅनेलला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा कुणीतरी ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा नुसतं गाणं वाजत राहिलं. पुढच्या महिन्यात रविवारची ती वेळच गेली. तिथं रेसिपींचा कार्यक्रम आला. चाचांनी चौकशी केली तर कळलं, जुन्या सिनेमांना जाहिरात मिळत नाही. त्यानंतर चाचांचं येणंही कमी झालं. गुडघ्याचं कारण सांगायचे, आणि गुडघे खरंच दुखत असतील.

त्यानंतर कधीतरी एका दुपारी मी खाली अंथरूण टाकून पोरीला झोपवत होते. ती झोपायचं सोडून रिमोट चघळत होती. टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी एक जुनं गाणं नुसतं बघत होते. एक बाई अंगणात नाचत होती, मागं माडीच्या कठड्याशी काही बायका उभ्या होत्या, गळ्यापर्यंतच. मला ते काही वेगळं वाटलं नाही. एवढ्या दिवसांत डोळ्यांना सवय झाली होती. तेवढ्यात पोरीनं रिमोटवर कुठंतरी दात रोवले आणि चित्र आक्रसलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. आणि माडीवरच्या बायकांना तोंडं आली. एक हसत होती. एकीच्या नाकात नथ होती. त्यांच्या डोक्यांवर माडीचं छपरसुद्धा होतं.

मी रिमोट तिच्या हातातून काढून घेतला, पुसला आणि ते बटण दाबलं. तोंडं गेली. परत दाबलं. तोंडं आली.

प्रिंट कुजली नव्हती. चॅनेलनं काही कापलं नव्हतं. त्या रविवारी अव्वा पूर्ण आली होती, कपाळावरच्या गोंदणासकट, आणि आम्ही भिंत भरावी म्हणून तिला पडद्याच्या कडेबाहेर ढकललं होतं. जुना डबा असता तर अंगठ्याएवढी का होईना, दिसली असती.

सांगू का नको, असं माझं दोन-तीन दिवस चाललं. पोरीला पाजताना चालायचं, भाकरी थापताना चालायचं. शेवटी वाटलं, आपल्या आईला कुणीतरी परक्यानं कापून टाकलं, असं समजून या माणसानं राहू नये. एका संध्याकाळी मामा एकटेच टीव्हीसमोर बसले होते. नशिबानं काळा-पांढरा एक सीन लागला होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि काही न बोलता बटण दाबलं. मग परत दाबलं. ते बघत राहिले. वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे अव्वा आलती," ते म्हणाले.

"व्हय मामा. वर होती. आपणच," एवढं म्हणून मी थांबले.

पट्ट्या तशाच ठेवून ते त्या आखूड चित्राकडं बघत बसले. त्यात कोर्टाचा सीन चालला होता, मागं मॉब बसलेला, तोंडंच तोंडं. त्यांनी प्रत्येकाकडं बघितलं असावं. मग विचारलं, "अतुलला म्हाईत हाय?"

मी नाही म्हटलं.

"सांगू नगंस. हौसेनं आणलाय त्यानं."

मला त्यांना विचारायचं होतं की मग तुमचं काय. परत कधी लागणार तो सिनेमा, कोण दाखवणार, आणि तोवर तुमचे डोळे टिकतील का. पण हे सगळं त्यांना माझ्याआधी कळून चुकलं होतं. संघप्रिया रांगत येऊन त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर टीव्हीवरून काढली नाही.

बाहेर अतुलच्या गाडीचा आवाज आला.

"मोठं कर," मामा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी रिमोटकडं हात केला.

"मोठं कर त्ये. आला त्यो."

मी बटण दाबलं. चित्र फुगलं, पट्ट्या गेल्या, कोर्टात मागं बसलेली सगळी माणसं गळ्यापर्यंत राहिली. अतुल दारात चपला काढता काढता आत डोकावला. भरलेल्या भिंतीकडं त्याची नजर गेली. काय बघताय आबा, म्हणून त्यानं वडलांना विचारलं.

"काय न्हाय," मामा म्हणाले. "जुनंच हाय कायतरी. झ्याक दिसतंय पर."