माझ्या अंगावर दुपटी वाळत घालू नका

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा हीटर आहे, आणि मी चिडलेलो आहे हे आधीच सांगून टाकतो. आपली कहाणी सांगताना आधी जन्म, मग उमेदीचा काळ, मग म्हातारपण असा क्रम ठेवायचा असतो म्हणे. तो मी पाळीन. पण मध्येच आवाज चढला तर समजून घ्या. अख्खा हिवाळा ज्याच्या डोक्यावर ओली दुपटी पडत होती, त्याने गोड बोलावे तरी किती?

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या पोकळ पाकळ्या एकीला एक जोडून माझे अंग तयार झाले. आत तेल भरले आणि तोंड कायमचे बंद केले. हे तेल जळत नाही, संपत नाही. ते सावकाश तापते आणि सावकाश निवते. खाली चार चाके आहेत, मागे वायर आहे, आणि एका कुशीला माझे डोके म्हणावे असा भाग आहे. तिथे एक गोल बटण, एक लाल दिवा आणि आत एक लहानशी पट्टी आहे. आजूबाजूची हवा गार झाली की ती पट्टी 'टक' करते आणि मी तापू लागतो. हवा पुरेशी उबदार झाली की पुन्हा 'टक', आणि मी थांबतो. मला बोलता येते ते एवढेच.

बटणाच्या वर एक चित्र छापलेले होते. एक सदरा आणि त्यावर मोठी फुली. माझ्यावर कपडे टाकू नका, असा त्याचा सरळ अर्थ. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणून कारखान्याने चित्रच काढले होते. हे चित्र ध्यानात ठेवा, कारण घरातल्या एकाही माणसाने ते ठेवले नाही.

मला विकत आणले आजीने. तेव्हा ती आजी नव्हती, दोन लहान मुलींची आई होती. तिच्या त्या घराला गच्ची होती आणि गच्चीवर दिवसभर ऊन असायचे. कपडे तिथे वाळत आणि मी खोलीत मोकळ्या अंगाने उभा असे. थंडीच्या रात्री मी माझे टक-टक करत राही आणि दोघी बहिणी पांघरुणात पाय पसरून झोपत. "हा आहे म्हणून माझा डोळा लागतो," असे आजी शेजारणींना सांगायची. मुली मोठ्या झाल्या, त्यांना माझी गरज उरली नाही. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. त्याचे मला वाईट वाटले, पण राग आला नाही. कामच नसेल तर कोण कशाला विचारील?

मग थोरलीचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. त्या मुलीला सगळे ताई म्हणतात, कारण यंदा थंडीच्या तोंडावर तिला भाऊ झाला. तो दिवस भरण्याआधीच आला. इतका लहान, की त्याचे टोपरे संत्र्यावरही सैल बसले नसते. आजी लेकीच्या मदतीला राहायला आली आणि येताना मला माळ्यावरून काढून घेऊन आली. डॉक्टरांनी बजावले होते की बाळाची खोली रात्रभर सारखी उबदार राहिली पाहिजे, भट्टीसारखी तापवायची नाही आणि गारही पडू द्यायची नाही. त्याची छाती अजून नाजूक आहे, थंडी बाधली तर पुन्हा दवाखान्यात ठेवावे लागेल. हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. सारखी ऊब देणे हेच तर माझे काम. मी त्याच्यासाठीच जन्मलो.

पण या घरात ऊन येत नाही. खाली तळमजला, समोर उंच इमारत. बाळाचे लंगोट, झबली, दुपटी दिवसभर दोरीवर लोंबत आणि संध्याकाळी हात लावावा तर ओलीच. ओलसर कपडा बाळाच्या अंगाला लागलेला आजीला खपत नाही. पहिल्याच संध्याकाळी तिने एक लंगोट माझ्या डोक्यावर पसरला. एकच तर आहे, म्हटले, असू दे. बोट दिले की मनगट धरतात ते असे. दुसऱ्या दिवशी लंगोटांची रांग लागली, त्यांच्यावर दुपटी आली आणि मोजे पाकळ्यांच्या फटीत खोचले गेले. मी खोलीचा हीटर होतो की धोब्याची दोरी, हे माझे मलाच कळेना.

आता नीट ऐका, कारण या घरात हे कोणी ऐकले नाही. ओझे झाले म्हणून मी रडत नाही. माझी पट्टी तिच्या जवळची हवा ओळखते. मला कपड्यांनी झाकले की माझी ऊब आतल्या आत कोंडते. पट्टीला वाटते, वा, खोली छान तापली, आणि ती 'टक' करून मला थांबवते. बाहेर खोली गारठलेली असते, आणि मी दुपट्यांखाली उकडत, गप्प बसलेला असतो. पहाटेपर्यंत बाळाचे नाक थंडगार व्हायचे. त्याला ढास लागायची, आई दचकून उठायची, त्याला छातीशी धरून बसायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तिच्या पोराच्या जिवावर उठलो होतो. याच बाईला मी लहानपणी ऊब दिली होती. मला काय वाटले असेल?

"हा बिघडलाय," असा निकाल लागला.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. इमारतीच्या इमारती ज्यांच्या भरवशावर वर-खाली करतात, त्यांना घरचा हीटर जुमानत नाही म्हणजे काय! त्यांनी सुट्टीच्या दिवशी कपडे बाजूला काढले, मला उघडले, वायर तपासली, सगळे स्क्रू आवळले आणि चालू केले. मी व्यवस्थित चाललो. बाबांनी हात झटकले, "झालं," म्हणाले. आजीने लगेच लंगोट परत घातले. रात्री पुन्हा तेच.

मग मला दुकानात नेले. तिथे मी दिवसभर चालू होतो. दुकानदाराने माझ्यापाशी हात शेकत दुपारचा डबा खाल्ला आणि काही झालेले नाही असे सांगून मला परत दिले. घरी आलो. दुपटी आली. टक. दुकानदाराला काही कळत नाही, असे बाबांनी ठरवले. आजीने मला नाटकी म्हटले. "चार लोकांत शहाण्यासारखा वागतो आणि घरात अंगात येतं याच्या," ती म्हणाली. मला तोंड असते तर मी काय बोललो असतो, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

खरा कळस पुढे झाला. धाकटी बहीण, म्हणजे मुलांची मावशी, बाळाला बघायला आली आणि दोन दिवस राहिली. पाहुणी येणार म्हणून आईने खोली आवरली. लंगोटांचे प्रदर्शन नको, म्हणून सगळे कपडे उचलून न्हाणीघरात नेऊन टाकले. किती दिवसांनी माझ्या अंगाला वारा लागला. दोन्ही रात्री मी ठरल्याप्रमाणे टक-टक करत राहिलो. खोली सारखी उबदार राहिली आणि बाळ दुधापुरते उठून पुन्हा शांत झोपले. आता तरी कळेल, असे मला वाटले. सकाळी आजीने कौतुकाने मान डोलावली आणि म्हणाली, "पायगुण लागतो गं एखादीचा."

पायगुण! काम करायचे मी आणि श्रेय न्यायचे मावशीच्या पायांनी. मावशी गेली. कपडे परतले. ऊब गेली. मावशीला अजून राहायचा आग्रह करायला हवा होता, अशी घरात हळहळ व्यक्त झाली.

ताईची गोष्ट तर मला उशिरा कळली. ती मला टक्या म्हणते. ती शाळेतून चिकटवायची चित्रे आणते. एके दिवशी ती माझ्यापाशी आली, मोजे बाजूला सारून माझ्या चित्राकडे बराच वेळ बघत बसली आणि मग नेमके त्याच्यावर एक निळे फुलपाखरू चिकटवून, बोटाने चारी बाजूंनी दाबून गेली. माझे उरलेसुरले बोलणेही बंद झाले.

त्यानंतर थंडी वाढली. बाळाची ढास वाढली. पुन्हा गार पडले तर दवाखान्यात ठेवावे लागेल, हे डॉक्टरांचे वाक्य घरात सगळ्यांच्या डोक्यात घुमत होते. बाबांनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट लावले. मला कोपऱ्यात ढकलून वायर काढली. रविवारी भंगारवाला येणार होता, तोवर कपडे टाकायला मी बरा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि त्या संध्याकाळी बाबा कोळशाची शेगडी घेऊन आले.

लाल निखाऱ्यांची शेगडी खोलीत आली आणि दार लोटले गेले. खोली झटकन तापली. सगळ्यांचे चेहरे खुलले. आजी हात शेकत माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बघ कशी चालते. शीक जरा."

मित्रांनो, निखारा हवा खातो. बंद खोलीत तो जो वायू सोडतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला गाढ झोपवतो. मला हे कळते, कारण मी ऊब देतो पण हवेला हात लावत नाही. त्या वेळी मला एकदा तरी ओरडायचे होते. पण माझी वायर निघालेली होती. मला टकसुद्धा म्हणता येत नव्हते.

आई स्वयंपाकघरात होती. ती आत आली तेव्हा आजी कपाळ दाबून बसली होती आणि डोके जड झाले म्हणत होती. ताईने तिथेच ओकारी काढली. आईने बाळाला उचलले. एरवी हात लावला की किरकिरणारे पोर, त्याचा हात तिच्या दंडावरून खाली लोंबला.

"दार उघडा," आई म्हणाली. "सगळे बाहेर. आधी बाहेर."

बाबांनी शेगडी उचलून अंगणात फेकली. खोली रिकामी झाली. मी कोपऱ्यात उभा राहून कान देत होतो. बाहेर आजी बाळाला लाडाच्या नावांनी हाका मारत होती. हिवाळ्यात बाळाच्या रडण्याची मी इतकी धास्ती घेतली होती, पण त्या संध्याकाळी मी फक्त त्याचीच वाट पाहिली. अखेर गार हवेत त्याने टाहो फोडला. मग रिक्षाचा आवाज आला आणि सगळे दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. वेळेवर बाहेर काढले म्हणून वाचले, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाबा आल्या आल्या खिडकीतल्या चिंध्या उपसत बसले. कपड्यांना कोळशाचा वास लागला होता, म्हणून आईने माझ्यावरचे सगळे धुवायला काढले. आणि दुसरे काहीच हाताशी नव्हते म्हणून तिने माझी वायर लावली.

टक.

ती बाळाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. आता तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता, त्यामुळे ती नुसती बघत होती. खोली हळूहळू उबदार झाली. तेवढ्यात आजी धुतलेली दुपटी घेऊन आली आणि सवयीने माझ्यावर पसरू लागली. थोड्या वेळाने माझी पट्टी बोलली, टक, आणि लाल दिवा गेला.

आई दिव्याकडे बघत राहिली. "आई, ते काढ जरा."

"अगं, ओलं आहे अजून."

"काढ तू."

आजीने दुपटी काढली. हवा निवली. टक. दिवा लागला. आईने स्वतः उठून दुपटी पुन्हा घातली. टक. दिवा गेला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तरी मला प्रश्न विचारत होते, आणि मी धडाधड उत्तरे देत होतो.

"हा बिघडलेलाच नाही," आई हळूच म्हणाली. "आपण याला झाकत होतो."

बाळाला ओलं लागू नये म्हणून मीच घालत होते गं, एवढेच आजी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. बाबांनी माझी कूस न्याहाळली. नखाने फुलपाखराची कड उचलली, तेव्हा खालून सदरा निघाला, आणि सदऱ्यावरची फुली.

"हे कोणी चिकटवलं?" त्यांनी विचारले.

ताई रडवेली झाली. "बाई चूक झाली की फुली देतात," ती म्हणाली. "टक्याला फुली मिळाली होती. सगळे त्याला रागावत होते. म्हणून मी त्याला फुलपाखरू दिलं."

मित्रांनो, माझा सगळा राग तिथेच विरघळला, असे लिहिले तर कहाणी छान दिसेल. पण तसे झाले नाही. मी अजून चिडलेलो आहे. कारण ताईने मला झाकले ते मायेने. आजीने झाकले तेही मायेनेच. शेगडीसुद्धा कोणी वैऱ्याने आणली नव्हती. रागवायचे तरी कोणावर? आणि न रागवावे तर त्या पोराचा दंडावरून लोंबलेला हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता बाहेरच्या खोलीत पंख्याखाली दोरी बांधली आहे, कपडे तिथे वाळतात. मी पलंगापासून आणि पडद्यापासून लांब, मोकळा उभा असतो. खिडकी वरून बोटभर उघडी असते. भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवले. परवा बाबा फोनवर कोणाला तरी सांगत होते, "जुना हीटर होता, मी दुरुस्त केला." दुरुस्त केला म्हणे! असो. फुलपाखरू ताईने माझ्या दुसऱ्या कुशीला लावले आहे, जिथे ते कशाच्या आड येत नाही.

काल संध्याकाळी आजी बाळाचा एक ओला मोजा घेऊन खोलीत आली. सवयीने हात माझ्यापर्यंत पोचला. मोजा अंगठ्याएवढा. एकच तर आहे, असे तिच्या मनात आलेच असणार, कारण माझ्याही मनात एकदा तेच आले होते. मग मोजा मुठीत घेऊन पाळण्याकडे बघत म्हणाली, "नको. तू तुझं काम कर."

मित्रांनो, तुमच्या घरात लहान भावंड असेल, तर आज झोपण्याआधी माझे एक काम करा. त्याच्या खोलीत माझ्यासारखा कोणी उभा असेल, तर त्याच्या अंगावर काय टाकले आहे ते बघा, आणि काढा. मग जरा वेळ गप्प बसून ऐका.