बारा शब्दांची किल्ली

नातीने पहिलं पाऊल टाकलं, त्याच वर्षी फोनवरच्या निरोपांच्या कंपनीने माझं खातं बंद केलं. पाऊल मंगळवारी टाकलं आणि खातं शुक्रवारी गेलं.

चूक माझीच. आमची लॉन्ड्री आहे. बॉयलर बिघडला म्हणून आठ दिवस बंद होती. उघडल्यावर मी एका दुपारी दोनशे बारा गिऱ्हाइकांना एकच निरोप पाठवला, ‘कपडे तयार आहेत, घेऊन जा.’ एकेकाला, स्वतः टाइप करून. अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी सुनेकडून शिकले. दोन वर्षं झाली तरी हौस फिटली नव्हती. कंपनीच्या यंत्राला वाटलं, ही बाई लोकांना त्रास देतेय. संध्याकाळी पडद्यावर चार ओळी आल्या आणि सगळं बंद.

गिऱ्हाइकांचं काही नाही. त्यांचे कपडे आमच्याकडे असतात, ती कुठे जातात? पण त्या खात्यात अक्का होती.

अक्का माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. लांबच्या गावी लेकाकडे असायची, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. रोज फोनमध्ये बोलून पाठवायची. आमची आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. आई कशी हसायची, चिडली की कशी गप्प बसायची, हे मला ठाऊक आहे ते अक्काच्या तोंडून. सहा वर्षांचं तिचं बोलणं त्या खात्याबरोबर गेलं.

मुलाने कंपनीला सात अर्ज केले. सातही वेळा शब्दाला शब्द तेच उत्तर आलं.

“तिथे जाऊन भेटू या का?” मी विचारलं.

“कुणाला, आई? तिथे वाचायलाही माणूस नाही.”

सून घरोघर इंटरनेट जोडण्याच्या कामावर जाते. रविवारी तिने साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी एक पेटी आणली आणि इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर ठेवली. म्हणाली, “आई, आता मावशींशी बोलणं हिच्यातून. अशा पेट्या लोकांनी ठिकठिकाणी ठेवल्यात, आणि त्या एकमेकींशी बोलतात. मावशींचं खातं त्यांच्या गावातल्या वाचनालयाच्या पेटीवर काढलंय. एक बंद पडली तरी बाकीच्या चालतात. मालक असा कुणी नाही.”

“आणि वाटेत कुणी ऐकलं तर?”

“नुसती खरखर. तुमच्या फोनमध्ये बंद होतं ते मावशींच्याच फोनमध्ये उघडतं.”

हे मला कळलं. आम्ही गाठोड्यावर खूण करतो. कुणाचं आहे ते खुणेवरून समजतं, आत काय आहे ते नाही.

मुलाला पटेना. तो बायकोला म्हणाला, “सगळं जग तिकडे आहे. तू दोन बायकांसाठी वेगळं गाव वसवणार?”

“दुकानासाठी तिकडे नवा नंबर घे,” मी म्हटलं. “बोलायला आम्ही दोघी पुरे.”

सुनेने एक मात्र बजावलं. तिने बारा शब्द कागदावर लिहून दिले. “ही किल्ली. फोन बिघडला तर हे शब्द घालायचे, तरच जुनं बोलणं उघडेल. हरवले तर मीही काही करू शकत नाही. आणि कुणालाही सांगायचे नाहीत.”

“म्हणजे तिकडे कुणी दाद देत नाही, आणि इकडे दाद द्यायला कुणी नाहीच.”

“तसंच,” ती म्हणाली. तिने गोड करून सांगितलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

ती कामावर गेली. मी अक्काला पहिला निरोप पाठवला. तिचं लगेच उत्तर, “बारके, मोठी वाचणारी झालीस ना, मग वाचून दाखव काहीतरी.” हाताशी तोच कागद होता. मी ठसक्यात वाचला आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

अक्काने आईच्या गोष्टी पहिल्यापासून सांगायला घेतल्या. “एकदा सांगितलेलं सांभाळता येत नाही तुला,” असं रोज ऐकवून. तिच्या जुन्या फोनमध्ये महिनाभराचंच राहायचं. बाकी सगळं आमच्या पेटीत.

पाच महिन्यांनी माझा फोन भिजवणीच्या टाकीत पडला. नवा आणला. सून म्हणाली, “कागद द्या.”

मी एप्रनच्या खिशात हात घातला. खिशाच्या तळाशी शेवयांसारखा पांढरा लगदा सुकून बसला होता. एप्रन दर शनिवारी गरम पाण्यातून जातो.

मुलगा हसायला लागला. “चाळीस वर्षं गावाचे खिसे तपासलेस. कुणाची चिठ्ठी भिजू दिली नाहीस!” माझ्याकडे पाहिलं आणि एप्रनचा खिसा उलटा करून पुन्हा चाचपला.

पेटी आमची, फळी आमची, आत अक्काचं पाच महिन्यांचं बोलणं, आणि उघडेना. या वेळी रागवायला कंपनीही नव्हती. मी इस्त्री करत राहिले. दोन शर्ट झाल्यावर म्हटलं, अक्काला सांगायला तर हवं. मुलाच्या फोनवरून साधा फोन लावला.

“अक्का, ते बारा शब्द धुतले गेले.”

“कोणते? कात्री, ढग, पितळ, मुंगी?”

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. “तुला येतात?”

“मला वाचता येत नाही, बारके. मला ऐकलेलं राहतं. तुझ्यासारखं कागदावर टाकून मोकळं होता येत नाही. घे लिहून. कात्री, ढग, पितळ, मुंगी, उंबरा...” तिने बाराही एका दमात म्हटले, वर म्हणाली, “शेवटचा ‘वात’. नीट लिही.”

सुनेने शब्द घातले. पेटी उघडली. मग ती माझ्याकडे वळली. “मावशींना सांगितले होते? बाराही?”

फोन स्पीकरवर चालूच होता. “का गं?” अक्का म्हणाली. “मी काय चोर आहे?”

“नाही, मावशी. पण नियम...”

“नियम तुझ्या सासूला सांग, खिसे तपासायचा.”

सून हसली. पण नंतर तिने मला एकटीला समजावलं, की या वेळी निभावलं, दुसऱ्या कुणाला सांगितले असते तर पेटी रस्त्यासारखी सगळ्यांना उघडी. मी मान्य केलं. मग रोज इस्त्री करताना मी शब्द पाठ केले. पाठ व्हायला मला तीन आठवडे लागले, आणि अक्का रोज तपासून घ्यायची.

आता ते मला येतात, आणि माझ्यानंतर उघडता यावं म्हणून सुनेलाही येतात. कागद केला नाही.

अक्का पुढच्या वर्षी, नऊ फेब्रुवारीला, सकाळी सहाला गेली. वय बहात्तर. शेवटचा निरोप आदल्या दिवशीचा आहे, चार मिनिटांचा, आईच्या चालण्याबद्दल.