कडूबाची सीट, नंदाबाईची सीट

मी सायकलची सीट बोलतेय. हसू नका. जन्मभर लोक माझ्याकडे पाठ करून बसले, आता जरा तोंड करून ऐका.

मी चामड्याची. अस्सल म्हशीचं कातडं, खाली दोन स्प्रिंगा, पुढं निमुळतं नाक. म्हैस असतानाचं काही आठवत नाही. पण डुलकी लागली की अजूनही डबक्यातल्या थंडगार पाण्याचा भास होतो.

१९८१ साली हसनाबादच्या कडूबानं नव्या सायकलीसकट मला घरी आणलं. तो भोकरदनच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पहिला महिना मी त्याला असं सोलून काढलं, की गडी उभ्यानं जेवायचा! चामड्याची सीट अशीच. आधी रडवते, मग हळूहळू बसणाऱ्याच्या अंगाची होते. सहा वर्षांत माझ्यावर कडूबाच्या बैठकीचे दोन खळगे पडले. सकाळच्या धुक्यात तो गुणगुणायचा, मी करकरायचे, रस्ता आपसूक सरायचा. कुठून निघालो नि कुठं पोचलो, दोघांनाही कळायचं नाही.

मग कडूबा तापानं गेला. त्याच्या बायकोला, नंदाबाईला, तीन कोसांवरच्या वाडीत बालवाडीचं काम मिळालं. तिकडं एसटी जात नव्हती. सायकल दुरुस्तीवाल्या मुबारक मिस्त्रीनं तिच्यासाठी जुना लेडीज सांगाडा जोडला आणि नवी सीट बसवायला काढली. ती म्हणाली, "यांचीच राहू द्या."

राहिले मी. पण ते खळगे तिचे नव्हते, त्यांच्या कडा तिला टोचायच्या. आठव्या दिवशी ती सायकल हातात धरून चालत घरी आली. सासऱ्याला, रखमाजीला म्हणाली, "मामंजी, न्हाई जमून राह्यलं. काम सोडते मी."

रखमाजीनं उभी हयात विहिरीवर चामड्याची मोट हाकलेली. चामडं कडक झालं की भिजवायचं आणि तेल पाजायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं मला काढलं, दिवसभर घंगाळात बुडवलं, वर करडीचं तेल चोळलं. काय गोड गुंगी आली म्हणून सांगू! जागी झाले तेव्हा मी झोळीसारखी लोंबत होते आणि कडूबाचे खळगे कुठंच नव्हते.

रखमाजी मटकन खाली बसला. "सूनबाई, म्या माझ्या हातानं पोराला पुसलं गं!"

मुबारकनं कपाळाला हात लावला. "काका, ही काय मोट हाय? सीटला पाणी बिलकुल न्हाई दाखवायचं. बोटभर तेल, बस!" त्यानं मला सावलीत वाळवलं, नाकाखालचा नट आवळून ताणलं. "आता जो बसंल, त्याची होईल ही."

म्हातारा मान वर करीना. नंदाबाई त्याच्याजवळ बसली. "रडू नका मामंजी. त्यांच्या जागेवर बसायला माझा जीवच धजत नव्हता. कुनाला सांगू? तुम्ही जागा मोकळी केली. उद्या जाते मी कामाला."

खोटं कशाला बोलू, तिलाही मी महिनाभर छळलं. पण बाई हटली नाही. दर रविवारी रखमाजी बोटभर तेल लावायचा, मोजून बोटभर. दोन वर्षांनी पुसता पुसता त्याची बोटं नव्या खळग्यांवर थांबली. मुबारकला हाक मारून म्हणाला, "बघ रे, माझ्या लेकीची बैठक!" तोवर चारचौघांत तो तिला 'कडूबाची बायको' म्हणायचा. मला मेलीला भरून आलं.

आता रखमाजी नाही. वाडीला एसटी जाते, सायकल भंगारात गेली, मी खुंटीवर पेंगत असते. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असली तर तिला भिजवू नका, उन्हात टाकू नका, आणि महिनाभर तिचा जाच सोसा. एवढंच मागणं आहे बाई माझं.

रविवारी नंदाबाई मला खाली काढते, बोटभर तेल घेते. परवा शेजारीण हसून म्हणाली, "सायकल न्हाई, काही न्हाई, मंग कशाला हा खटाटोप?"

नंदाबाई चोळतच राहिली. म्हणाली, "मामंजींचं काम हाय. खाडा कसा करू?"